पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या नोंदवह्या

गेल्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. प्राणिसंग्रहालयाच्या ज्या प्रयोगशाळेत आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली, तिथे मेलेले पक्षी तपासायला घेणं बंद झालं. कारणं दोन दिली गेली. पैसे नाहीत आणि वेस्ट नाईल विषाणू आता जुना झाला. पहिलं मी समजू शकतो, दुसऱ्याचा मात्र मला संताप आला. हा विषाणू न्यूयॉर्कमध्ये उतरला त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली, तरी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर डासांमुळे होणाऱ्या आजारांत आजही तोच पहिला आहे. आणि तो नेमका कोण हे कळलं ते पक्ष्यांमुळे.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून मी अमेरिकेत आलो तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. जंत, बुरशी, शिशाची विषबाधा, सिमेंटवर उभं राहून तळपायाला होणाऱ्या जखमा, हेच रोजचं काम. डासांचा विषय निघायचा तो पेंग्विनना होणाऱ्या हिवतापापुरता.

मग १९९९चा ऑगस्ट आला. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आणि ब्राँक्समध्ये रस्त्याकडेला कावळे मरून पडू लागले. क्वीन्समधल्या फ्लशिंग हॉस्पिटलच्या डॉ. डेबोरा अ‍ॅस्निस यांनी २३ ऑगस्टला शहराच्या आरोग्य खात्याला फोन केला. ताप आणि हातापायांतली ताकद गेलेले दोन रुग्ण त्यांच्याकडे होते आणि हे नेहमीचं नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ३ सप्टेंबरला निदान जाहीर झालं, सेंट लुईस मेंदूज्वर, आणि शहरावर मॅलेथिऑनची फवारणी सुरू झाली.

हे निदान ज्यांना पटलं नाही त्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या विकृतिशास्त्रज्ञ डॉ. ट्रेसी मॅकनमारा. आवारातल्या कावळ्यांची शवविच्छेदनं त्या करतच होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला संग्रहातलेच पक्षी गेले. चिलीचे रोहित, एक पाणकावळा, एक बाल्ड ईगल, एक हिमघुबड, आशियातला एक फेझंट. मेंदूत सूज आणि रक्तस्राव. त्यांनी लावलेला हिशोब मी आजही नव्या पशुवैद्यांना सांगतो. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांच्या अंगात राहतो, पण पक्षी मारत नाही. मग इतके पक्षी का मेले? घोड्यांचा पूर्वेकडचा मेंदूज्वर म्हणावा, तर त्याने एमू पटापट मरतात आणि एमू धडधाकट होते. मानमोडी किंवा बर्ड फ्लू म्हणावा, तर मुलांच्या विभागातल्या कोंबड्या आणि टर्की मजेत दाणे टिपत होत्या. म्हणजे हे काहीतरी वेगळंच होतं.

असा हिशोब फक्त पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवरूनच मांडता येतो. जगभरातल्या जाती एकाच आवारात, त्यांना चावणारे डास तेच आणि प्रत्येक पक्ष्याची वही वेगळी. वजन कधी घटलं, खाणं कधी सोडलं, मागच्या वर्षी रक्त घेतलं होतं का, सगळं लिहिलेलं. रानात कोण मेलं हे फार तर कळतं; कोण मेलं नाही हे फक्त पिंजऱ्यातच कळतं. आणि त्या सप्टेंबरात खरं उत्तर न मेलेल्यांकडे होतं.

पण माणसांचे आजार एका खात्याकडे, जनावरांचे दुसऱ्याकडे. पक्ष्यांचं ऐकायला आधी कोणी तयार नव्हतं. नमुने आयोवातल्या एम्सच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत गेले, मग फोर्ट डेट्रिकच्या लष्करी प्रयोगशाळेत, आणि महिना संपता संपता नाव कळलं, वेस्ट नाईल. १९३७ साली युगांडात सापडलेला विषाणू. १९९८ साली इस्रायलमध्ये मेलेल्या एका हंसातल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा. तोवर पश्चिम गोलार्धात तो कधीच दिसला नव्हता. त्या वर्षी ६२ माणसं आजारी पडली, ७ दगावली. फवारणी वाया गेली असं मी म्हणणार नाही, दोन्ही आजार क्युलेक्स डासच पसरवतो. पण मेलेला पक्षी म्हणजे आपलं काम नव्हे, ही वृत्ती मला तेव्हाही खपली नाही, आजही खपत नाही. आपल्याकडे १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं माकडांच्या मागावर निघाली होती आणि क्यासनूरचा विषाणू हाती लागला होता. चाळीस वर्षं आधी पुण्याने केलेली गोष्ट न्यूयॉर्कला जमू नये?

त्यानंतरचं दशक मात्र कामाचं होतं. २००० साली वेस्ट नाईलची देशभरची नोंदणी सुरू झाली. पुढे शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाने पुढाकार घेतला आणि ठिकठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांचे नमुने एका साखळीत आले. आम्ही तिन्हीसांजेला सापळे लावायचो. छोटा दिवा, खाली पंखा, वर डब्यात कोरडा बर्फ; त्याचा वायू डासाला कोणाचातरी श्वास वाटतो. अंडी घालायला आलेल्या माद्यांसाठी टबात कुजक्या गवताचं पाणी. त्याचा वास कपड्यांतून जात नसे. सकाळी जाळीच्या पिशव्या थंड करायच्या, चिमट्याने एकेक डास जातवार वेगळा करायचा आणि पन्नासाची एक कुपी तपासायला पाठवायची. रोहितांचं तळं धोक्याचं नव्हतंच, तिथे मासे होते आणि पाणी हलतं होतं. अळ्या सापडायच्या त्या ताडपत्रीच्या घडीत, कुंडीखालच्या ताटलीत, तुंबलेल्या पन्हाळीत आणि पावसाळी पाण्याच्या गटारांत. अशी गटारं न्यूयॉर्क शहरात सुमारे दीड लाख आहेत. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा भरायच्या आत प्रत्येक भांडं पालथं घालायचं. जिथे पालथं घालता येत नाही तिथे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंच्या वड्या टाकायच्या. घुबडांच्या रात्रीच्या खोल्यांना बारीक जाळी लावायची. या कामात नाव होण्यासारखं काही नव्हतं, पण पक्षी वाचत होते ते यानेच.

२००२च्या उन्हाळ्यात कॅनडात ऑन्टॅरिओतल्या व्हाइनलँडच्या आउल फाउंडेशनमध्ये २३५ घुबडांपैकी १०८ घुबडं मेली. सगळ्यात जास्त बळी उत्तरेकडच्या जातींचे, ज्यांच्या पिढ्यांनी हे डास कधी पाहिलेच नव्हते. त्याच हंगामात आमच्याकडे एक हिमघुबड आलं. मान सतत थरथरत होती, एक डोळा अर्धवट मिटलेला, आणि खाली टाकलेल्या उंदराकडे ते बघत होतं, पण नखं नेमकी पोचत नव्हती. मेल्यावर टेबलावर घेतलं तर पिसांतून चपट्या, रक्त पिणाऱ्या माश्या बाहेर सरकू लागल्या. पाय मऊ, पांढऱ्याशुभ्र पिसांनी नखांपर्यंत झाकलेले. बर्फासाठी घडलेला तो जीव.

घोड्यांसाठीची लस २००१ साली आली आणि आम्ही ती पक्ष्यांच्या छातीच्या स्नायूत टोचू लागलो. दुसरं हातात काही नव्हतं. रोहितांच्या रक्तात ती टोचूनही प्रतिपिंडं सापडत नसत. कॅलिफोर्नियाच्या कोंडोर गिधाडांसाठी वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. १९८७ साली जगात त्यांचे २७ पक्षी उरले होते, तिथून ही जात सावरत होती. २००३ साली त्यांच्यासाठी खास डीएनए लस तयार झाली आणि बंदिस्त तसेच मोकळ्या कोंडोरना ती दिली गेली. त्याच पद्धतीच्या लशीला घोड्यांसाठी परवाना मिळाला तो २००५ साली. म्हणजे आधी पक्षी, मग घोडे. आणि माणसांसाठी परवाना मिळालेली लस आजही नाही.

माणसांत २००२ साली ४,१५६ रुग्ण आणि २८४ मृत्यू, २००३ साली ९,८६२ रुग्ण आणि २६४ मृत्यू. तेव्हा सगळे आमचे फोन उचलत होते. मग आकडे उतरले आणि फोन उचलणंही थांबलं. राज्यांना या कामासाठी मिळणारा केंद्राचा निधी २००४ साली जवळपास २ कोटी ४० लाख डॉलर होता. २०१२ साली तो १ कोटीच्या खाली आला. एका बैठकीत एक अधिकारी म्हणाले, ‘‘कावळे मरायचे थांबले, मग पक्षी कशाला तपासायचे?’’ कावळे मरायचे कमी झाले कारण मरणारे मरून गेले होते. काही भागांत त्यांची संख्या ४५ टक्क्यांपर्यंत घटली होती. हे मी तिथेच सांगितलं, कोणी टिपून घेतलं नाही. २०१२च्याच उन्हाळ्यात टेक्सासमध्ये डॅलसच्या परिसरात उद्रेक झाला आणि देशभरात २८६ माणसं गेली.

नंतरची वर्षं कात्री लावण्यात गेली, त्यांच्याबद्दल मला काही लिहायचं नाही. युरोपकडे बघितलं की मात्र वाटतं, सगळं पुन्हा तसंच चाललंय. २००१ साली व्हिएन्नात काळे कस्तुर मेले, शोनब्रुन प्राणिसंग्रहालयातली मोठी करडी घुबडंही मेली, आणि उसुटू हा आफ्रिकी विषाणू युरोपात आल्याचं कळलं. २०२०मध्ये तो लंडनमधल्या कस्तुरांत सापडला. २०२५मध्ये ब्रिटनच्या डासांत वेस्ट नाईलच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं. तिथली यंत्रणा जागी आहे म्हणून हे कळलं.

आमच्या प्रयोगशाळेत उणे ऐंशी अंशांचे दोन फ्रीझर भरून सीरमच्या कुप्या आहेत. रोहित, घुबडं, पेंग्विन, करकोचे. प्रत्येक कुपीवर पक्ष्याचा क्रमांक आणि तारीख. उद्या नवा विषाणू आला, तर तो आधीपासून इथे होता की आताच आला, हे त्या कुप्यांवरून ठरेल. त्या टाकून द्यायच्या की ठेवायच्या, याचा निर्णय अजून व्हायचाय. मी पत्र लिहिलंय. जागा नसेल तर वीज आणि भाडं आम्ही निवृत्त लोक वर्गणी काढून भरू, असंही त्यात लिहिलंय, आणि उत्तर येईपर्यंत दर सोमवारी फोन करणार आहे.