रोवणीचा चिखल आणि डोळ्याला न दिसणारे औषध

सालेकसा तालुक्यात पाऊस धरला की बांध्यांची चिखलणी होते आणि बाया पऱ्हे रोवायला उतरतात. दिवसभर घोटे चिखलात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी भिजून पांढुरकी, मऊ पडते, आणि अशा कातडीतून किडीचे औषध अधिक सहज आत शिरते. पुढे धानावर तुडतुडे, खोडकिडा किंवा गादमाशी आली की फवारणी होते. औषधाचा बराच भाग चिखलातच उतरतो आणि निंदणाला त्याच बाया पुन्हा त्याच बांधीत असतात.

आता नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, कीटकनाशकांकडे पाहा. 2019 साली रसायनशास्त्राच्या आयुपॅक या जागतिक संघटनेने उदयोन्मुख तंत्रज्ञानांच्या यादीत त्यांचा समावेश केला. 10 मायक्रोमीटरचा एक कण फोडून 100 नॅनोमीटरचे कण केले, तर एकाचे 10 लाख होतात आणि पृष्ठभाग 100 पट वाढतो. औषध तेवढेच, पण कीड गाठण्याची ताकद कितीतरी मोठी! काही प्रकारांत औषध सूक्ष्म कवचात भरलेले असते आणि हळूहळू बाहेर झिरपते, म्हणून कमी फवारण्यांत भागेल अशी आशा आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते आठवले की ही आशा मला फार मोलाची वाटते.

पण मातीतला धोका मोजायचा कसा? नेहमीच्या रीतीत प्राण्यांना अपाय न करणारी मात्रा शोधतात आणि तिला बहुधा 100 ने भागतात: प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी 10, माणसामाणसांतल्या फरकासाठी 10. मग माती, पाणी, अन्न यांतून अंगात किती जाते ते पाहतात. हा हिशेब वजनाचा. नॅनो औषधात मात्र वजन पुरत नाही. मातीतल्या औषधापैकी कवचात किती, मोकळे किती, मातीतल्या सेंद्रिय भागाला चिकटलेले किती, हेही वेगवेगळे मोजावे लागते. कवच उन्हापासून आणि जिवाणूंपासून औषधाला जपत असेल, तर ते जास्त दिवस टिकेल.

भारताने 2020 साली नॅनो कृषी-उत्पादनांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तपासणीत धानाची बांधी हवीच. पाणी साचलेल्या चिखलात हवा नसते, तिथे औषध वेगळ्या चालीने मोडते. आणि नमुना एकदा घेऊन भागणार नाही: एकदा निंदणाच्या वेळी, पायाला लागलेल्या चिखलाचा, दुसऱ्यांदा उन्हाळ्यात, तीच बांधी भेगाळून तिचा धुरळा घरात येतो तेव्हा.