कुपीतली जाई

दिसेनासे झाले की चष्मा येतो, ऐकू येईनासे झाले की घरातले मोठ्याने बोलू लागतात. वास येईनासा झाला, तर मात्र ते कोणाच्याच ध्यानी येत नाही. पुष्कळदा त्या व्यक्तीच्याही नाही. माझ्या आईच्या बाबतीत ते उघड झाले एका जुन्या परफ्यूममुळे.

माझे वडील व्यापारी जहाजावर अभियंता होते. फ्रान्सहून त्यांनी आईसाठी 'जॉय' आणले होते. पॅरिसच्या ज्याँ पातू यांच्यासाठी आंरी आल्मेरास यांनी ते जागतिक मंदीच्या आरंभी घडवले. एका औंसाला 10,600 जाईची फुले आणि 28 डझन गुलाब लागतात, असे पातूंची पेढी सांगत असे. ही जाई दक्षिण फ्रान्समधील ग्रासच्या शेतांतली. पण जात आपल्या जाईचीच, पहाटे वेचली जाणारी.

कुपी उघडताच आधी गुलाब येतो. पाठोपाठ जाई, पण नुकती उमललेली नव्हे; रात्रभर उशाशी राहिलेल्या गजऱ्याची, किंचित उग्र. शेवटी चंदन आणि कस्तुरीचा दरवळ पदरात रेंगाळतो. लहानपणी मला तो गंध जड वाटे. आता त्यात मला लग्नाला निघालेली आई दिसते.

गेल्या वर्षी नातीच्या साखरपुड्याला आईने ती कुपी काढली. वय 82. पदराला थेंब लावला, मग आणखी दोन लावले, आणि म्हणाली, "उडून गेला गं सेंट. नुसतं पाणी राहिलंय." खोलीत तर जाई घमघमत होती! मग एकेक आठवू लागले. दूध करपल्याचे तिला कळले नव्हते. जेवणाला चव नाही, या तिच्या तक्रारीवर आम्ही स्वयंपाकाच्या बाईंना बोल लावला होता.

वास का जातो?

वयाबरोबर गंधशक्ती मंदावते. ऐंशीनंतर तर निम्म्याहून अधिक लोकांची. सर्दी, सायनस, नाकातील मांसवाढ, विषाणुसंसर्ग, डोक्याला मार, काही औषधे हीदेखील कारणे असतात आणि त्यांतील काहींवर उपचार होतात. क्वचित पार्किन्सन किंवा अल्झायमर या विकारांची ती आरंभीची खूण असू शकते. म्हणून घाबरू नये, पण 'वयच झाले' म्हणून सोडूनही देऊ नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

घरी काय करावे?

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. ज्याला वासच येत नाही, त्याला हा इशारा मिळत नाही. अशा घरी गळती सूचक यंत्र बसवावे. उरलेल्या अन्नावर तारीख लिहावी. चव लागत नाही म्हणून वरून मीठ घेतले जाते. त्याऐवजी लिंबू किंवा मिरपूड द्यावी.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये गंधाभ्यासाची साधी पद्धत मांडली: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी 10 ते 20 सेकंद, लक्षपूर्वक हुंगायचे, निदान 12 आठवडे. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण अपायही सहसा नसतो. तेल नाकाला लावू नये. दमा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

वास येत नसला, की परफ्यूम नकळत जास्त लावला जातो आणि शेजारच्याला ठसका लागतो. अशा वेळी हसू नये. एक थेंब रुमालावर आपणच लावून द्यावा.

गंधाचा संदेश मेंदूतील भावना आणि स्मृतीच्या केंद्रांकडे फार जवळच्या वाटेने जातो. आईचा अभ्यास अजून चालू आहे. लवंग तिला ओळखता येते, गुलाब नाही. अभ्यास संपला की आम्ही दोघी ती कुपी हुंगतो. एखाद्या दिवशी ती म्हणते, "जाई आली." खरेच आली की आठवली, हे मी विचारीत नाही.

आपणही आज आपल्या आईपुढे, सासऱ्यांपुढे तिच्या-त्यांच्या आवडीचे फूल धरा आणि विचारा, "वास येतो का?" उत्तर काहीही येवो, ते आजच कळलेले बरे.