शिष्यवृत्ती मंजूर, तरी शुल्क थकीत : असे का घडते?

नवी दिल्ली : महाविद्यालयाचे शुल्क प्रवेशाच्या वेळीच मागितले जाते; शिष्यवृत्तीची रक्कम मात्र अनेकदा काही महिन्यांनी जमा होते. पात्र असूनही विद्यार्थ्याचे शिक्षण अडते ते बहुधा या मधल्या काळात. म्हणूनच एखादी योजना किती रक्कम देते याइतकेच ती रक्कम कोणत्या वाटेने येते, हे जाणून घेणे महत्त्वाचे आहे.

शासकीय साह्य स्थूलमानाने तीन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते. बारावीत आपल्या मंडळात ८० पर्सेंटाईलच्या वर असलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन योजना आहे. तिच्यात पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वार्षिक १२ हजार आणि पदव्युत्तर स्तरावर २० हजार रुपये दिले जातात. दरवर्षी ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या उपलब्ध असतात. त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी आहेत.

दुसरा प्रकार शुल्काच्या प्रतिपूर्तीचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे त्याचे प्रमुख उदाहरण. अडीच लाख रुपयांच्या उत्पन्नमर्यादेत शुल्क आणि शैक्षणिक भत्ता असे दोन्ही त्यातून मिळते. तिसरा प्रकार थेट शुल्कमाफीचा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्यात आले आहे. वसतिगृह, भोजन आणि पुस्तकांचा खर्च मात्र कुटुंबालाच पाहावा लागतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना या तिन्हींहून वेगळी आहे. ती विनातारण कर्ज मिळवून देते. व्याजात सवलत असली तरी मुद्दल फेडावेच लागते.

विलंबाचे मूळ प्रतिपूर्तीच्या रचनेत आहे. अर्जाची पडताळणी आधी संस्था आणि नंतर शासकीय यंत्रणा करते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात, ईशान्येकडील राज्यांसाठी हे प्रमाण ९० : १० आहे. राज्याने आपला वाटा दिल्यानंतरच केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. या साखळीतील एक दुवा थांबला, की पुढचे सारे थांबते.

येथे दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. आधारवर आधारित पद्धतीने रक्कम येत असेल, तर ती सर्वांत शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. अर्जात लिहिलेले खाते आणि हे खाते एकच असेल असे नाही. हा तपशील बँकेत जाऊन आधीच पडताळता येतो. दुसरी बाब अशी, की खात्यात आलेल्या रकमेतील शुल्काचा भाग महाविद्यालयाचा असतो. तो घरखर्चात गेला, तर शिष्यवृत्ती मिळूनही शुल्काची बाकी कायम राहते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक प्रश्न निर्णायक आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा अधिवासी असतो ते राज्य देते, शिक्षणाचे ठिकाण असलेले राज्य नव्हे. अनुसूचित जातींची यादीही राज्यनिहाय असल्याने स्थलांतरित कुटुंबाचा दावा सामान्यतः मूळ राज्याकडेच राहतो. त्यामुळे इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथे शिकणाऱ्यांनी अर्जाआधीच अधिवास निश्चित करून घ्यावा.

पहिल्या वर्षाची मंजुरी पुढील वर्षांची हमी देत नाही. उच्चतर शिक्षा प्रोत्साहन योजनेत नूतनीकरणासाठी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे. शिवाय या योजनेचा किंवा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा लाभ घेताना दुसरी शिष्यवृत्ती सहसा घेता येत नाही. त्यामुळे निवड आधीच विचारपूर्वक करावी लागते.

प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात तीन प्रश्न अवश्य विचारावेत : शुल्क आगाऊ भरावे लागेल काय, अर्जाची पडताळणी कधीपर्यंत होईल आणि रक्कम येण्यास विलंब झाल्यास परीक्षेला बसता येईल काय? उत्तरे लेखी मिळाल्यास उत्तम. उत्पन्न, जात आणि अधिवासाचे दाखले निकालापूर्वीच तयार ठेवल्यास हा मधला काळ बराच आटोक्यात आणता येतो.