आकड्यांतून उमटणारा स्वर : ‘सुपरकोलायडर’ची तोंडओळख

वसतिगृहात पेटी एक आणि ती वाजवू इच्छिणारे हात अनेक, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या गाठीशी आहे. आज जेथे संगणक आहे, तेथे आणखी एक वाद्य उपलब्ध आहे. मात्र ते लिहून वाजवावे लागते. त्या वाद्याचा परिचय करून देण्याचा या स्मरणिकेच्या निमित्ताने आमचा हा अल्प प्रयत्न.

संगणकाकडून संगीत निर्माण करण्याची कल्पना जुनी आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक’ नावाची आज्ञावली तयार केली. तिच्यातून सादर झालेली पहिली रचना अवघी १७ सेकंदांची होती. त्या काळी आकडेमोड पूर्ण होऊन ध्वनी ऐकू येईपर्यंत रचनाकाराला थांबावे लागे. पुढे जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये ‘सुपरकोलायडर’ ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात लिहिलेली ओळ तत्क्षणी ऐकू येते आणि ध्वनी चालू असतानाच बदलताही येते. २००२ पासून ती सर्वांसाठी मुक्त व विनामूल्य आहे.

या व्यवस्थेची दोन अंगे आहेत. एक भाषा, जिच्यात आपण सूचना लिहितो; दुसरे अंग ‘सर्व्हर’, जो प्रत्यक्ष ध्वनी घडवतो. पहिल्यास संगीतदिग्दर्शक म्हटले, तर दुसरा वादक होय. हा वादक साधारणतः सेकंदाला ४४,१०० आकडे मोजून ध्वनीची लहर उभी करतो. तो आधी सुरू करावा लागतो. अन्यथा ओळ अचूक असूनही काही ऐकू येत नाही. नवशिक्याचा पहिला गोंधळ बहुधा येथेच होतो.

आता एक प्रयोग पाहू. सेकंदाला २४० कंपनांचा स्वर षड्ज मानला, तर शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा येतो. पेटीचे सप्तक मात्र सामान्यतः बारा समान भागांत लावलेले असते. त्या हिशेबाने गंधार सुमारे ३०२.४ वर जातो. हे दोन्ही गंधार एकाच वेळी वाजवले, की आवाज सेकंदाला सुमारे अडीच वेळा लहानमोठा होत थरथरतो. पेटीचा गंधार किंचित चढा का वाटतो, हे गवई कानाने ओळखतात. येथे विद्यार्थ्याला तो फरक आकड्यांत मांडून, कानाने पडताळून पाहता येतो. अपूर्णांक कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे याहून सुरेल उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

शिकताना आमचीही फजिती झाली. २४० चा षड्ज हवा म्हणून आम्ही ‘२०० अधिक २० गुणिले २’ असे लिहिले आणि कानी आला ४४० चा स्वर! शाळेत पाठ केलेला ‘कंचेभागुबेव’चा नियम ही भाषा पाळत नाही. ती डावीकडून उजवीकडे क्रमाने हिशेब करते. म्हणून आधी बेरीज, मग गुणाकार. कंस घातला, की स्वर जागेवर येतो. ही चूक कागदावर झाली असती, तर गुरुजींच्या लाल शाईची वाट पाहावी लागली असती. येथे ती कानानेच दाखवून दिली.

मात्र सावधगिरी हवी. आवाजाची तीव्रता दर्शविणारा आकडा प्रारंभी ०.१ इतकाच ठेवावा. लहानशा चुकीनेही कर्कश, मोठा ध्वनी उसळू शकतो; म्हणून नवी ओळ चालवताना हेडफोन कानांवर नसावा. कंट्रोल आणि पूर्णविराम या कळा एकत्र दाबल्या, की सर्व ध्वनी थांबतात. ही जोडी पहिल्याच दिवशी बोटांत बसवावी.

लहान मुलांसाठी ‘सॉनिक पाय’ हे सोपे साधन आहे. केंब्रिज विद्यापीठात सॅम आरन यांनी ते शाळांना डोळ्यांसमोर ठेवून २०१२ मध्ये घडवण्यास आरंभ केला. त्याच्या पोटात ध्वनी निर्माण करणारा वादक सुपरकोलायडरचाच आहे. म्हणून मुलांनी तेथून प्रारंभ करावा आणि मग मूळ भाषेकडे वळावे.

या विद्येने रियाज टळतो, असा आमचा दावा नाही. गळा आणि बोटे यांची साधना वेगळीच. परंतु तयार गाणी केवळ ऐकत राहणारे मूल आणि एक स्वर का होईना स्वतः घडवणारे मूल, यांत मोठे अंतर आहे. हे अंतर ओलांडण्यास महागडे वाद्य लागत नाही. एक साधा संगणक आणि चूक ऐकण्याची तयारी असलेला कान पुरेसा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना संगणकाचे ज्ञान आहे, त्यांनी सुटीतील एक दुपार वसतिगृहातील मुलांसाठी राखून ठेवावी, एवढीच आमची नम्र विनंती.