मांजराचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी

घोडपदेवच्या माझ्या दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात एक आजी नातीला घेऊन आल्या. तपासायचे कोणालाच नव्हते. आजी म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, हिला मांजर पाहिजे. तेही आजारातून उठलेलं. सुनेला तिसरा महिना आहे. तुम्हीच काय ते सांगा.’’ नात नऊ वर्षांची. कोपऱ्यात उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

हे पिल्लू रस्त्यावरचे. कोणीतरी ते परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात नेऊन दिले होते. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे नातेवाईक इकडे गिरणगावात असतात, त्यांना ही जागा ठाऊक असेल. प्राण्यांवरील क्रौर्य थांबवण्यासाठी १८७४ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था ते चालवते. गिरणीमालक दिनशा पेटिट यांच्या पत्नीचे नाव त्याला आहे.

पिल्लाला झालेला आजार म्हणजे पॅनल्युकोपेनिया. लोक त्याला ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणतात. उलट्या, जुलाब, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम खाली. लहान पिल्ले बहुधा दगावतात, हे वाचले होते. हा रोग माणसाला होत नाही. मात्र त्याचे विषाणू भांड्यांत, फडक्यांत, जमिनीवर वर्षभरही टिकतात, आणि बरे झालेले पिल्लूही काही आठवडे ते विष्ठेतून टाकत राहते. म्हणून घरात किंवा चाळीच्या गॅलरीत लस न दिलेले दुसरे मांजर असेल तर घाई करू नये.

आता सुनेचा प्रश्न. खरे सांगतो, वीस वर्षांपूर्वी मी अशाच एका घराला ‘मांजर आधी बाहेर काढा’ असे सांगून मोकळा झालो होतो. तो सल्ला आळशीपणाचा होता. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची. गरोदरपणात त्याची प्रथमच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. पण मांजराच्या केसांतून किंवा श्वासातून तो येत नाही. उंदीर वा कच्चे मांस खाल्लेल्या मांजराच्या विष्ठेतून तो येतो, तोही बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे. शिवाय विष्ठा पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घमेल्यातली वाळू रोजच्या रोज काढली, आणि ती गर्भवतीने न काढता दुसऱ्याने काढली, की धोका पुष्कळ घटतो. मांजराला कच्चे मांस-मासे घालू नयेत. अर्धे कच्चे मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा रोग होतो, पण त्यांना कोणी घराबाहेर काढत नाही. वाळू काढण्याचे काम आजीनी स्वतःकडे घेतले.

पिल्लू आले आणि तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसले. दोन दिवस दिसलेच नाही. अशा पिल्लाला ओढून काढू नये. एका कोपऱ्यात खोके, त्यात जुन्या लुगड्याची घडी, जवळ पाणी, दूर वाळू. रोज ठरल्या वेळी खाणे ठेवावे, थोडा वेळ जमिनीवर बसावे आणि त्याच्याकडे टक लावून पाहू नये. मात्र आजारातून उठलेल्या पिल्लाने दिवसभरात काहीच खाल्ले नाही तर लाजते आहे म्हणून वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. दुधाने बऱ्याच मांजरांना जुलाब होतात. उकडलेली, काटे काढलेली मासळी किंवा कोंबडी बरी. नुसता दूधभात पुरत नाही.

इथे एक कळकळीची सूचना. मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. माणसाला निरुपद्रवी असलेला तिचा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो. काळ्या फिनेलने पुसलेली ओली फरशीही वाईट; मांजर पंजे चाटते आणि ते विष पोटात जाते.

पाचव्या दिवशी नात शाळेच्या गणवेशात एकटीच दवाखान्यात आली. मनगटावर दोन ओरखडे, कालचे. पिल्लाला पिंपामागून काढायला हात घातला होता. घरी सांगितले नव्हते. का, तर ‘‘मांजर परत नेऊन देतील.’’

वाचकहो, मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या लपवण्याची. रेबीज मांजरापासूनही होतो आणि एकदा लक्षणे दिसली की बहुधा उपाय उरत नाही. ओरखडा उठताच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातली चौदा इंजेक्शने ही गोष्ट केव्हाच इतिहासजमा झाली. आता सरकारी रुग्णालयांत दंडाच्या त्वचेत सुया देतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आले असेल किंवा चावा असेल तर जखमेत सीरमही लागते. हिला रक्त आले नव्हते. मी जखम पुन्हा धुतली, आजीना बोलावून घेतले आणि दोघींना पालिकेच्या रुग्णालयात पाठवले. नातीसमोरच आजीना सांगितले, की मांजर घरातच राहील; ओरखडा लपवला तर मात्र माझ्याशी गाठ आहे.

दहा दिवसांनी पिल्लू ठणठणीत होते, तरी चारही वेळच्या सुया पूर्ण करून घेतल्या. पिल्लाची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, जंताचे औषध आधीपासून, आणि पाच-सहा महिन्यांचे झाले की नसबंदी. घरात कोणाच्या अंगावर गोल चट्टा उठला तर गजकर्ण समजून मुलाला आणि मांजराला दोघांनाही दाखवावे.

अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई घेऊन नात सांगायला आली. पिल्लू आता पिंपावर झोपते, म्हणाली. पिंपामागे नाही.