रेडिओ-ग्रहणातील प्रबळ व्यत्यय व त्याचे निवारण

रेडिओ-संकेतांच्या ग्रहणात येणाऱ्या व्यत्ययांचे दोन वर्ग मानता येतात. सौम्य व्यत्यय मूळ संकेतात केवळ मिसळतो. प्रबळ व्यत्यय ग्राहीयंत्राची ग्रहणशक्तीच कुंठित करतो. हा भेद लक्षात घेतल्यास निवारणाचे उपाय कोठे व कोणत्या क्रमाने योजावेत, हे स्पष्ट होते.

विवर्धकाचे निर्गत एका मर्यादेपर्यंतच आगताच्या प्रमाणात वाढते. प्रबळ संकेताने ती मर्यादा ओलांडली, की विवर्धक संपृक्त होतो व त्याच वेळी आलेला दुर्बल संकेत दडपला जातो. शिवाय दोन प्रबळ संकेतांच्या संयोगाने नव्या कंप्रता उत्पन्न होतात. उदाहरणार्थ, ५९० व ६०० मेगाहर्ट्झच्या संकेतांपासून ५८० व ६१० मेगाहर्ट्झचे आभासी संकेत निर्माण होतात. हे इष्ट पट्ट्यातच पडले, तर पुढील कोणतीही गाळणी त्यांना वेगळे करू शकत नाही. यास्तव प्रबळ व्यत्यय संपृक्तीपूर्वीच अडविला पाहिजे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी ती आकाशातील अत्यंत क्षीण तरंग टिपते. त्यांच्या मोजमापाचे एकक, जान्स्की, म्हणजे दर चौरस मीटरला व दर हर्ट्झला १०⁻²⁶ वॅट इतकेच असते. त्यापुढे भ्रमणध्वनीचे मनोरे किंवा उच्चदाब वीजवाहिन्यांवरील ठिणग्या शतपटींनी नव्हे, तर अनेक कोटींपटींनी प्रबळ ठरतात.

पहिला उपाय उगमस्थानी योजावयाचा. ठिणगी पडणारे सैल सांधे अथवा सदोष विद्युत्‌रोधक शोधून दुरुस्त केल्यास व्यत्यय मुळातच नाहीसा होतो. दुसरा उपाय गाळणीचा. निश्चित कंप्रतेवरील प्रक्षेपण अरुंद पट्ट्यात रोखता येते. तथापि गाळणीही संकेताचा काही अंश शोषते व स्वतःचा गोंगाट भर घालते. म्हणून पहिल्या विवर्धकास भार सोसत असेल, तर गाळणी त्याच्यानंतर ठेवणे श्रेयस्कर.

ठिणग्यांचा व्यत्यय मात्र सर्व कंप्रतांवर पसरलेला, परंतु क्षणिक असतो. त्यास कालानुसार छाटावे लागते. संकेताचे अंकीय नमुने घेऊन नेहमीच्या मर्यादेबाहेरचे नमुने संगणक तत्काळ वगळतो. ती मर्यादा सरासरीवरून ठरविल्यास खुद्द ठिणग्याच सरासरी वर ओढतात आणि सुटून जातात. म्हणून नमुने चढत्या क्रमाने मांडून मधले मूल्य, म्हणजे मध्यक, व त्यापासूनच्या विचलनांचाही मध्यक घेतात. मोजक्या अतिप्रबळ नमुन्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

येथे दक्षता आवश्यक आहे. स्पंदक ताऱ्यांचे संकेतही क्षणिकच असतात. मर्यादा फार खाली आणल्यास व्यत्ययासमवेत शोधही छाटला जाईल. सुदैवाने आंतरतारकीय वायूतून येताना स्पंदकाचे निम्न कंप्रतेचे तरंग उच्च कंप्रतेच्या तरंगांहून उशिरा पोहोचतात, तर जवळची ठिणगी सर्व कंप्रतांवर एकाच क्षणी उमटते. या विलंबावरून ताऱ्याचा संकेत ओळखता येतो. परंतु संपृक्त विवर्धकाने दडपलेला संकेत कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. उगम, गाळणी व गणन या क्रमाचे महत्त्व यातच आहे.