प्रकार ९७ हातबॉम्ब

प्रकार ९७ हातबॉम्ब हा दुसऱ्या महायुद्धात जपानी पायदळाने वापरलेला प्रमुख विखंडन हातबॉम्ब होता. तो १९३७ मध्ये सेवेत आला. ते वर्ष जपानी शाही कालगणनेनुसार २५९७ होते. त्यातील शेवटच्या दोन अंकांवरून त्याला ‘९७’ हा क्रमांक मिळाला.

रचना

या हातबॉम्बचे कवच ओतीव लोखंडाचे व नळकांड्याच्या आकाराचे असे. त्यावर आडव्या-उभ्या खाचा पाडून चौकोनी खवले तयार केलेले असत. आत टीएनटी हे स्फोटक आणि माथ्यावर पितळी फ्यूज असे. एकूण वजन सुमारे ४५० ग्रॅम होते. आधीचा प्रकार ९१ हातबॉम्ब दिसायला असाच होता. मात्र तो छोट्या तोफनळीतूनही डागता येई. प्रकार ९७ केवळ हाताने फेकण्यासाठी बनवला होता.

कार्यपद्धती

सैनिक प्रथम सुरक्षा पिन ओढून काढी आणि नंतर फ्यूजचा माथा शिरस्त्राण, बुटाची टाच किंवा दगड अशा कठीण वस्तूवर आपटी. या आघाताने विलंबक दारू पेटे आणि ४ ते ५ सेकंदांनी स्फोट होई.

भारतीय सैन्याकडील ब्रिटिश बनावटीच्या मिल्स क्र. ३६ हातबॉम्बची पद्धत वेगळी होती. त्याची पिन काढल्यावरही बाजूची दांडी हाताने दाबून धरलेली असेपर्यंत फ्यूज पेटत नसे. त्यामुळे फेकण्याचा क्षण सैनिकाच्या हाती राही. प्रकार ९७ मध्ये मात्र आपटताक्षणीच वेळ मोजली जाऊ लागे आणि हातबॉम्ब लगेच फेकणे भाग पडे.

उणिवा

आघात पुरेसा न बसल्यास फ्यूज पेटत नसे. विलंबाचा काळही प्रत्येक वेळी सारखा नसे. त्यामुळे फेकणाऱ्यालाच धोका संभवे. रात्रीच्या शांततेत आपटण्याचा आवाज शत्रूला सावध करी.

वापर

चीन, ब्रह्मदेश आणि प्रशांत महासागरातील बेटांवरील लढायांत हा हातबॉम्ब वापरला गेला. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपुरात शिरले. २२ ते २६ मार्च या काळात सांगशाक येथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने त्याला रोखून धरले. या ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियनही लढली. खंदकांतील अशा निकटच्या लढाईत हातबॉम्बला बंदुकीइतकेच महत्त्व होते. अखेर सांगशाक सोडावे लागले, तरी तेथे जपान्यांचे मोलाचे दिवस खर्ची पडले आणि कोहिमाच्या बचावाच्या तयारीला अवधी मिळाला.

युद्धाच्या अखेरीस धातूची टंचाई भासू लागल्याने जपानने चिनी मातीच्या कवचाचे हातबॉम्बही बनवले. १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर जपानी सैन्याने स्थानिक नागरिकांना हातबॉम्ब वाटले. अनेक कुटुंबांनी शरण जाण्याऐवजी त्यांनीच सामूहिक आत्महत्या केल्या.

नंतरचा काळ

मिल्स क्र. ३६ स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके भारतीय सैन्यात राहिला. त्याची जागा घेण्यासाठी डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बहुपर्यायी हातबॉम्ब विकसित केला. त्याचे उत्पादन नागपूरच्या एका खासगी कंपनीने केले व पहिली खेप २४ ऑगस्ट २०२१ रोजी नागपुरात सैन्याकडे सुपूर्द झाली.